काचेखालची जाळी

देवसिंग जाधवनं गाडीची चावी बोनेटवर ठेवली. आपटली नाही, फेकली नाही, हळूच ठेवली. मग तो मार्केट यार्डाच्या फाटकातून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला.

दुकान संगीता राठोडचं. वर पत्रा, खाली दोन गाड्या मावतील एवढी फरशी, एका अंगाला शिलाई मशीन आणि रेक्झिनचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला गाड्या धुवायचा रॅम्प. पाटीवर 'संगीता सीट कव्हर अँड वॉशिंग'. महागावात ही पाटी रंगवायला आलेल्या पेंटरनं खाली मालक म्हणून कोणाचं नाव टाकू असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "वर टाकलं ना एकडाव. आता कितीखेप टाकतं?"

"भिया, कांयी हुओ?" तिनं मशीनवरून न उठता विचारलं. देवसिंग तिच्याच तांड्यावरचा, नात्यानं लांबचा भाऊ.

"पाणी दे, बाई."

पाणी दिलं. काय झालं ते विचारायची तशी गरजही नव्हती. सदाशिवरावांचा आवाज यार्डातल्या शेवटच्या सोयाबीनच्या ढिगापर्यंत जात होता, तर पंधरा पावलांवरच्या दुकानात न यायला काय झालं होतं.

सदाशिवराव म्हणजे साठ एकरांचा धनी. कापूस, सोयाबीन, तूर, दोन विहिरी, आणि मागच्या दसऱ्याला घेतलेली पांढरी सात सीटची गाडी. देवसिंग चार वर्षांपासून त्यांच्याकडे ड्रायव्हर. श्रावणापासून त्या नव्या गाडीत वास येत होता. डाव्या सीटच्या पायाखाली ओल, आणि त्या ओलीला आंबूस, गोडसर, डोक्यात चढणारा वास. यवतमाळच्या शोरूमला गाडी दोनदा नेली. पहिल्या खेपेला त्यांनी समोरच्या काचेभोवती सिलिकॉन मारून दिलं. दुसऱ्या खेपेला मॅट धुऊन अत्तर फवारलं आणि टाय लावलेला एक जण म्हणाला, "सर, बाहेरून पाणी येऊच शकत नाही. आतच काहीतरी सांडत असेल."

काहीतरी. एवढा एक शब्द पुरला. सदाशिवरावांचा पोरगा पिंटू घरी येईपर्यंत त्या काहीतरीची हातभट्टी झाली होती. ड्रायव्हर तांड्यावरचा, मग डबे कशाचे वाहत असेल? आणि आज यार्डात दोन अडते गाडीत बसायला गेले, नाकाला रुमाल लावून उतरले, तेव्हा सदाशिवरावांनी पंधरा-वीस माणसांत तोंड सोडलं. "तांड्यावरचा माणूस ठेवला ना भाऊ, गाडीचा गुत्ता झाला. रात्री मव्हाची दारू वाहते अन् सकाळी मले देवदर्शनाले नेते."

लोक हसले. त्या हसणाऱ्यांतले निम्मे जण कधीकाळी अंधार पडल्यावर त्याच तांड्याच्या वाटेनं मोटारसायकलचा दिवा बंद करून जायचे. पिणाऱ्याचं नाव कधी होत नाही, ज्याच्या घराकडून आणली त्याचं होतं. आणि आठ वर्षांपूर्वी तांड्यावरच्या भट्ट्या फोडल्या त्या संगीताची आई रामीबाई आणि तिच्याबरोबरच्या बायांनी. तेव्हा बाकीचे गडी ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. एकटा देवसिंग उठला होता. दारूसाठी आंबवलेल्या सडव्याचे ड्रम खांद्यावर घेऊन त्यानं नाल्यात ओतले आणि तांड्याच्या दैवताच्या, सेवाभायाच्या देवळासमोर हात धुतले. त्या दिवसापासून तांड्यावर चुलीशिवाय काही पेटलं नाही. हे महागावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही लोक हसले.

देवसिंगनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "ठाण्यात अर्ज देतो म्हणते."

"कोण?"

"सदाशिवभाऊ. उद्या. माह्या नावानं."

संगीतानं मशीनवरचं पाऊल काढलं. कैची गल्ल्यावर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि रस्ता ओलांडला.

यार्डात लिलाव चालू होता. ती सरळ पांढऱ्या गाडीजवळ गेली, डावं दार उघडलं, खाली वाकून मॅट उचलली, वास घेतला आणि दार लावलं. मग वळली.

"सदाशिवभाऊ, पाणी शिरून राह्यलं तुमच्या गाडीत."

"शोरूमवाल्याईले नाही समजलं अन् तुले वासावरून समजलं?"

"त्याईनं सीट काढली होती का?"

सदाशिवरावांनी पिंटूकडं पाहिलं. पिंटूनं मोबाईलकडं.

"बाई, तू शिलाई कर," पिंटू म्हणाला. "मेकॅनिकचं काम मेकॅनिकले करू दे."

"मेकॅनिक बोनेट उघडते, दादा. गाडीच्या पोटातली गादी, फोम, नमदा बंदं मी उसवून शिवत असतो. दहा वर्षं झाली. कोणत्या गाडीले कुठून पाझर फुटते ते तुह्या शोरूमपेक्षा मले जास्त माहीत हाय." मग ती बापाकडं वळली. "उद्या सकाळी गाडी माह्या फरशीवर लावा. दारू निघाली तर मी दुकानाची पाटी उतरवतो. बंद्या गावासमोर."

"अन् पाणी निघालं तर?"

"तर अथी उभं राहून जे बोलले, ते अथीच उभं राहून वापस घ्या."

एक अडत्या खोकल्यासारखा हसला. सदाशिवरावांना आता नाही म्हणता येईना. पंधरा-वीस माणसं जशी देवसिंगकडं पाहत होती तशी आता त्यांच्याकडं पाहत होती. "आण गाडी सकाळी, पिंटू," ते म्हणाले. "अन् दुपारून ठाण्यात जाऊ. दोन्ही कामं एकाच खेपेत होतीन."

*

सकाळी नऊला गाडी आली. पिंटू चालवत होता, बाजूला सदाशिवराव, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कडक इस्त्री. मागं सदाशिवरावांच्या बायको, इंदुताई. आपल्याला काहून आणलं असं कोणी विचारू नये म्हणून त्या दोनदा सांगून मोकळ्या झाल्या की त्यांना बाजारात ब्लाउजपीस घ्यायचं होतं. बोनेटवर कुंकवाचं ताजं स्वस्तिक होतं आणि काचेच्या बुडाशी झेंडूचं एक फूल वायपरखाली अडकून थरथरत होतं.

देवसिंग दुकानातच होता. त्यानं हात जोडले. इंदुताईंनी जोडले. बापलेकांनी पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"यवतमाळले उभ्या-उभ्या काम केलं त्याईनं," सदाशिवराव म्हणाले. "तुले किती वेळ लागन?"

"पाणी सापडेपर्यंत."

तिनं चौदाचा पाना घेतला. चार बोल्ट, दोन वायरी, सीट बाहेर. मॅट गुंडाळून बाहेर. त्याखाली गाडीच्या पत्र्याला चिकटलेला जाड नमदा. हा शोरूमवाल्यांनी पाहिलाच नव्हता. तिनं त्याचं एक टोक उचलून पिळलं. तपकिरी पाण्याची धार बादलीत पडली आणि वास असा उठला की रस्त्यावरून जाणारी एक शेळीसुद्धा बाजूनं गेली.

पिंटूनं मोबाईल वर केला. व्हिडिओ चालू. "पाहा लोकहो, हे पाणी हाय म्हणते बाई."

संगीतानं बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थुंकली. चूळ भरली.

"आंबट हाय. गाळीव दारू जिभेले भाजते, आंबट लागत नाही." बादली तिनं सदाशिवरावांपुढं सरकवली. "पण मी कोण सांगणारी. तुमीच चाखून पाहा भाऊ. चव तुमच्या वळखीची असन."

दुकानासमोर जमलेल्या चार-सहा हमालांत एक हसू फिरलं. सदाशिवराव बादलीपासून दोन पावलं मागं सरले.

मग तिनं आतला पत्रा फडक्यानं पुसला, हवेच्या पंपानं कोरडाठक्क केला आणि पांढऱ्या रांगोळीच्या पिशवीला कोपऱ्यात भोक पाडून आत रेघा ओढल्या. एक दाराच्या उंबऱ्याला लागून, एक काचेच्या खांबाखाली, एक पुढं, जिथं पाय ठेवतात त्याच्या वरच्या बाजूला एसीचा पंखा असतो त्याखाली. पाण्याचा एक थेंब पडला की रांगोळी तिथंच राखेसारखी करडी पडते. कुठून आला, कुठं वाहत गेला, सगळं दिसतं.

"आता आत बसा."

"कोण?" सदाशिवराव म्हणाले.

"तुमी. मी बसली तर म्हणाल बाईनं टाकलं. देवसिंग बसला तर बोलायलेच नको. पिंटूदादा बसला तर व्हिडिओ कोण काढन?" तिनं बॅटरी त्यांच्या हातात दिली. "जिथं रांगोळी भिजन तिथं मले सांगा. तुमच्याच तोंडानं."

साठ एकरांचा धनी चपला काढून, पायजमा सावरून, सीट नसलेल्या जागेत उकिडवा बसला. गुडघे हनुवटीला. बाहेरून फक्त टोपी आणि बॅटरी दिसत होती.

संगीतानं पाइप घेतला. दाब कमी केला, धार करंगळीएवढी. आधी चाकाच्या वर, मग उंबरा, मग दार. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडं धावतं आणि कुठून शिरलं ते बापजन्मी कळत नाही. म्हणून पाणी खालून वर चढवायचं, एकेक वीत, आणि प्रत्येक जागी थांबायचं. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. पहिल्या तीन गाड्यांत ती वरून सुरुवात करून फसली होती, चौथीला उलटी चालली.

"चाक?"

"कोरडं," आतून आवाज.

"उंबरा?"

"कोरडा."

दारावर तिनं पाच मिनिटं पाणी सोडलं. दाराच्या आत प्लास्टिकचा कागद असतो, तो सुटला की खाली पाझरतं. इथं कागद शाबूत होता. काचेच्या दोन्ही कडा. शोरूमचं सिलिकॉन पांढऱ्या अळीसारखं लोंबत होतं, पण पाणी आत येत नव्हतं. छतावरच्या खिडकीच्या खाचेत तांब्याभर ओतलं, ते नळीतून मागच्या चाकाजवळ टपटप गळालं. जसं गळायला पाहिजे तसंच.

"कोरडं," सदाशिवराव म्हणाले. आवाजाला आता बाळसं आलं होतं. "बंदं कोरडं हाय बाई. बसून बसून माह्या पायाले मुंग्या आल्या."

"मंग राह्यलं काय?" पिंटूनं मोबाईल देवसिंगच्या तोंडासमोर नेला. "पाणी तर नाही निघालं."

देवसिंगनं मोबाईलकडं पाहिलं नाही. तो संगीताकडं पाहत होता. संगीतानं धार काचेच्या बुडाशी, वायपरखालच्या काळ्या जाळीवर धरली. मनात साठ मोजले. शंभर मोजले. काही नाही. एक क्षण, खरोखर एकच क्षण, तिला वाटलं की पाटीचे स्क्रू गंजलेले आहेत, उतरवताना त्रास होईल.

मग तिनं पाइप बंद केला.

"भिया, याईच्या घरी गाडी कशी उभी राहते?"

"वाड्याच्या फाटकात नाही मावत," देवसिंग म्हणाला. "बाहेर, देवळाच्या चढावर. तोंड वर करून."

"रात्रभर?"

"रात्रभर. पाण्यापावसात तिथीच."

"अन् मी येडी तिले सपाट फरशीवर धुऊन राह्यली." ती पिंटूकडं वळली. "दादा, गाडी चालू कर अन् पुढची चाकं रॅम्पवर चढव. भाऊ, तुमी उतरू नका. अजून काम संपलं नाही."

गाडीचं तोंड वर झालं. रांगोळी होती तशीच. संगीतानं पुन्हा जाळीवर धार धरली. दहा मोजेपर्यंत काही नाही. वीस. जाळीच्या आतून घशात पाणी अडकल्यासारखा गुळगुळ आवाज आला आणि मग आतून सदाशिवराव ओरडले.

"थांबव. ए, थांबव."

"कुठून आलं ते सांगा."

"वरून. पंख्यातून. मानेवर येऊन राह्यलं, बाई, थांबव ना."

तिनं आणखी पाच मोजले. मग बंद केलं.

सदाशिवराव बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत तपकिरी झाला होता. टोपीतून पाणी गळत होतं. आणि वास. बादलीतला वास काहीच नव्हता, हा ताजा होता, जिवंत होता. हमाल दोन पावलं मागं सरले. त्यातल्या एकानं नाकाला गमछा लावला, काल अडत्यांनी रुमाल लावला होता अगदी तसा.

संगीतानं त्यांना फडकं दिलं. "भाऊ, आता हा वास तुमच्या अंगाले येऊन राह्यला. रस्त्यानं असे घरी गेले तर लोक तुमाले काय म्हणतीन?"

सदाशिवराव तोंड पुसत राहिले.

"पण वास कायचा हाय?" पिंटू म्हणाला. "पाणी हाय, मानलं. पाण्याले असा वास येते का?"

"बरोबर विचारलं. मोबाईल बंद नको करू." तिनं वायपरच्या दोन्ही दांड्या सोडवल्या, जाळीच्या क्लिपा एकेक करून उपसल्या. "काचेवरचं बंदं पाणी या जाळीतून खाली उतरते. खाली पन्हाळ असते. पन्हाळीच्या टोकाले नळी, नळीतून चाकामागं जमिनीवर. नळी बुजली का पन्हाळ भरते. गाडी सपाट असली तर ते समोरून सांडून जाते. चढावर तोंड वर असलं का ते मागं येते, अन् मागं एसीचा पंखा हवा ओढायले तोंड वासून बसेल असते. त्यात शिरते."

जाळी उचलली.

पन्हाळीत काळा-तपकिरी रबडा होता, मूठभर नाही, चांगला तीन-चार शेर. वर फेस. संगीतानं हात घातला आणि ओंजळ भरून परातीत टाकली. तांदूळ. फुगलेला, फुटलेला, बोटात विरघळणारा तांदूळ. झेंडूच्या पाकळ्या. आपट्याची पानं, मागच्या दसऱ्याची. एक सुपारी. हळकुंड. बत्तासे आणि गूळ विरघळून झालेला चिकट लगदा. वर्षभर पाणी पिऊन, बोनेटच्या उन्हात तापून, पुन्हा पाणी पिऊन आंबलेला.

"तांदूळ, गूळ, पाणी अन् ऊन," संगीता म्हणाली. "याच्यापेक्षा वेगळं काय लागते भट्टीले? भट्टी तर होती भाऊ. तांड्यावर नव्हती. तुमच्या बोनेटखाली होती."

मग मागून इंदुताई पुढं आल्या. त्यांनी परातीत पाहिलं, वाकून पाहिलं, आणि बोटानं सुपारी बाजूला केली.

"हे माह्यं हाय," त्या म्हणाल्या.

"तू गप बस ना," सदाशिवराव म्हणाले.

"काहून गप बसू? मीच ठेवलं तर मीच सांगीन ना." त्या संगीताकडं वळल्या. "दर मंगळवारी, दर अवसेले पूजा करतो मी गाडीची. लांब जायचं असन तवा बी. आजही केली. अक्षता खाली पडतात, कोणाचा पाय लागन, पाप लागन. म्हणून मी त्या जाळीत सारून देतो. तिथी कोणाचा पाय नाही लागत." त्यांनी पदर तोंडाला लावला, वासामुळं की कशामुळं ते कळलं नाही. "मले वाटलं, खाली निघून जात असन कुठीतरी."

मग त्यांना काहीतरी आठवलं. "देवसिंग. तू तर रोज गाडी पुसतं. तुले दिसत नव्हतं का रे हे?"

"दिसत होतं, काकू."

"मंग काढून नाही टाकलं?"

देवसिंग एवढ्या वेळात पहिल्यांदा सलग बोलला. "देवाचं होतं, काकू. तुमच्या देवाचं. माहा हात लागलेला तुमाले चालन का नाही, ते मले कोणी सांगतलं नव्हतं. तुमच्या घरी माह्या चहाचा कप अलग हाय. तो कुठं ठेवायचा ते सांगतलं होतं. अक्षताचं नव्हतं सांगतलं."

पिंटूचा मोबाईल खाली गेला.

"चालू ठेव," संगीता म्हणाली. "मघाच्या व्हिडिओत तुले मजा आली ना? हे बी येऊ दे गावात."

पण मोबाईल खालीच राहिला. ती कामाला लागली होती. सगळा रबडा परातीत आला. नळीत सायकलच्या ब्रेकची तार घातली, पुढं-मागं केली, तळाशी बसलेला डाट फुटला आणि चाकामागून काळी धार फरशीवर पडली. मग तपकिरी, मग स्वच्छ. मच्छरदाणीच्या कापडाची एक पट्टी तिनं मशीनवर दुहेरी शिवली, जाळीच्या आतून बसवली, म्हणजे तांदळाचा दाणा काय, मुंगीसुद्धा आत जाणार नाही. रांगोळी नव्यानं ओढली.

"आता कोण बसते आत?"

सदाशिवरावांनी ओल्या सदऱ्याकडं पाहिलं.

"मी बसतो," इंदुताई म्हणाल्या. नऊवारी सावरून त्या आत शिरल्या, बॅटरी घेतली. संगीतानं या वेळी धार कमी केली नाही, पूर्ण सोडली. काच, जाळी, छत, सगळीकडं. दहा मिनिटं. चाकामागून पाणी नळासारखं पडत होतं. आतून दर थोड्या वेळानं इंदुताईंचा आवाज येत होता, पोथी वाचल्यासारखा एकाच सुरात. "कोरडी हाय. कोरडी हाय. कोरडी हाय वो बाई."

संगीतानं पाइप गुंडाळला. नमदा आणि मॅट पत्र्यावर वाळत घातले. "दोन दिवस कडक ऊन लागन. ओलं बसवलं तर वास वापस येईन. आता सीट नाही, मॅट नाही. गाडी अथीच राहू द्या."

"बरं झालं," सदाशिवराव म्हणाले. पिंटूकडून चावी घेऊन देवसिंगपुढं धरली. "घे. झालं-गेलं सोडून दे. चूक कोणाची नव्हती."

देवसिंगचे हात मागंच होते.

"भाऊ," संगीता म्हणाली, "यार्ड समोर हाय."

"अडत्याईले मी फोन करून सांगतो ना. सांगतो म्हटलं ना."

"काल तुमी फोनवर नव्हते बोलले."

"मंग घरी जाऊन कापडं बदलून येतो. या अवतारात जाऊ का मी लोकाईत?"

"असेच चला," हे इंदुताई म्हणाल्या. परात त्यांनी स्वतः उचलली, पदर खोचून कमरेवर घेतली. "देवसिंग असाच गेलता काल. हा वास घेऊनच. तुमी बी असेच चला."

रस्ता पंधरा पावलांचा. सदाशिवरावांना तो ओलांडायला बराच वेळ लागला. आधी एक ट्रक जाऊ दिला, मग एक एसटी, मग एक सायकलवाला, जो शंभर हात लांब होता. इंदुताई परात घेऊन मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि मागं वळून पाहू लागल्या. तेव्हा ते निघाले. मागं देवसिंग, मागं संगीता, हात ओढणीला पुसत. पिंटू फरशीवरच राहिला.

यार्डात लिलाव तिसऱ्या ढिगावर होता. वास आधी पोचला, माणसं नंतर. बोली बोलणारा मध्येच थांबला. कालचे दोन्ही अडते तिथंच होते.

सदाशिवराव खाली पाहून काहीतरी पुटपुटले.

"भाऊ," देवसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त माहिती होती. "काल शेवटच्या ढिगापर्यंत ऐकू गेलतं."

सदाशिवरावांनी मान वर केली. सदरा छातीला चिकटला होता. त्यांनी घसा साफ केला आणि या वेळी बोलले, तेव्हा तो त्यांचाच आवाज होता, कालचाच.

"देवसिंगच्या माथी मी खोटं मारलं. गाडीत पाणी शिरत होतं. आमच्याच घरच्या अक्षतानं नळी बुजली होती, ते सडलं. हे परातीत हाय, पाहून घ्या. दारूबिरू काही नव्हतं. त्या माणसानं कधी वाह्यली नाही. मी बोललो ते चुकीचं बोललो."

ढिगामागून एक हमाल म्हणाला, "भाऊ, पण वास तर तुमचा येऊन राह्यला."

या वेळी हसू आलं ते वेगळ्या बाजूनं आलं. सदाशिवरावही हसल्यासारखं करायला गेले, जमलं नाही, सोडून दिलं. मग ते वळले आणि चावी पुन्हा पुढं केली. दोन बोटांत धरून नाही, तळहातावर ठेवून.

देवसिंगनं चावीकडं पाहिलं. "गाडी वाळायले दोन दिवस लागतीन, बाई म्हणाली. मले किती लागतात ते पाहतो. मंग सांगतो."

तो यार्डाच्या फाटकातून निघाला. काल निघाला होता तसाच, पण कालच्यासारखा थेट संगीताच्या स्टुलाकडं गेला नाही. फाटकावरच्या हॉटेलात बाकावर बसला आणि चहा सांगितला. आधीच बसलेले दोन अडते त्याच्यासाठी सरकले.

इंदुताई परात घेऊन उभ्याच होत्या. "हे आता कुठं टाकू गं? देवाचं हाय."

"झाडाच्या बुडी टाका, काकू. मातीले चालते बंदं."

"अन् पूजा? मंगळवार येईन ना."

संगीता रस्ता ओलांडायला निघाली होती. ती थांबली. "चाकाले करा," ती म्हणाली. "बोनेट काय करते? चालते तर चाक."

इंदुताईंनी विचार केला. मग त्या यार्डाच्या भिंतीलगतच्या कडुलिंबाकडं चालू लागल्या. संगीतानं सदाशिवरावांकडून चावी घेतली, दुकानात येऊन रॅम्पवरची गाडी मागं घ्यायला पिंटूला सांगितलं, मशीनवर बसली आणि सकाळी अर्धवट राहिलेलं रेक्झिन सुईखाली सरकवलं. तेवढ्यात फाटकावरून देवसिंगचा आवाज आला. तो हॉटेलवाल्याला सांगत होता की कप काचेचाच दे, जो सगळ्यांना देतोस तोच.